खुर्ची

मंगळवारी त्याच्या पायाची पट्टी बदलायला जाते मी.
ब्रॉटी फेरीला, टे नदी समुद्राला मिळते तिथलं घर,
खिडकीच्या फटीत कोंबलेलं जुनं वर्तमानपत्र.
अलास्टर गथ्री, वय ब्याण्णव.
चहात दूध नको, साखर नको, चहाविषयी मत मात्र हवं :
'हा पाला आमच्या बागेत झाडून टाकला असता.'
बाग म्हणजे जोरहाटजवळची. बाप तिथे मॅनेजर.

जखम धुताना त्याने फोटो दाखवला.
झालरीच्या टोपड्यातलं बाळ, आणि मागे
बुट्टेदार पडद्याने झाकलेली उंच पाठीची खुर्ची.
'ऐंशी वर्षं खुर्चीच समजत होतो मी.'
मग नातीने तो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा करत नेला,
तर बाळाच्या कमरेशी चार बोटं निघाली,
करंगळीखाली गोंदलेले तीन ठिपके.

बाळ हलू नये म्हणून आया हवी,
आया दिसू नये म्हणून पडदा.
त्याच्याआड तिने किती वेळ श्वास धरला
ते स्टुडिओच्या पावतीवर नाही.

आमच्या भाषेत आईचं अनेकवचन आया होतं,
मी सहज म्हणाले, चिमट्यात कापूस धरून.
तो बराच वेळ स्वतःच्या टाचेकडे बघत राहिला.
'आमच्याकडे ती नोकरी होती. महिना आठ रुपये.'
बापाच्या वहीत आहे म्हणाला,
घोड्याच्या चण्याखालच्या ओळीत.

नाव?
नाव नाही लिहिलेलं. घोड्याचं आहे.

ती त्याला नुनू म्हणायची.
सहा वर्षं त्याला तेच आपलं नाव वाटायचं;
अलास्टर हे फक्त जेवणाच्या टेबलाशी
घालून बसायचे घट्ट बूट.
नेमाती घाटावर बोटीत चढताना
त्याचा पाय पाण्यात गेला. तिने मोजा काढला, पिळला,
आणि तेवढ्यात भोंगा झाला.
मोजा तिच्या हातात राहिला.
कुठला पाय, ते आता आठवत नाही.
क्रीफच्या शाळेत पोचेपर्यंत तिची भाषा होती तोंडात,
मग तिथल्या मेट्रनने साबणाने तोंड धुतलं
आणि ती गेली. सगळी नाही गेली, वाटतं.

कारण गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडला तेव्हा
गळ्यातलं बटण त्याने दाबलंच नाही.
आधी फरशीला चापट मारली.
आणखी एक मारली.
हात रे फरशी, पाडतेस होय नुनूला!
मुलगी धावत आली, तिला वाटलं झटका आला.
मेंदूचे फोटो काढले. त्यात काही निघालं नाही.
हे सगळं त्याने मला समजावून सांगितलं,
जणू मला समजावून सांगायला हवं होतं.
माझ्या लहानपणी किती उंबऱ्यांनी मार खाल्लाय
ते मी बोलले नाही. पट्टी कापत राहिले.

'तिलाही मुलगा होता,' तो म्हणाला.
'कुलींच्या लाइनीत. माझ्याएवढाच.
कुंपणाच्या तारेशी उभा असायचा दुपारभर,
कुत्र्याने हुसकेपर्यंत.'
खिडकीतून वारा आला, वर्तमानपत्र फडफडलं.
'तो पडला की मग,' म्हणाला,
आणि कप उचलला. चहा संपलेला होता.
तरी त्याने तो ओठांना लावला, खाली ठेवला.

मी पट्टीवर तारीख घातली,
फॉर्मातले रकाने भरले. ताप नाही. पू नाही. कडा गुलाबी.
शेवटी नेहमीचा प्रश्न,
शून्य ते दहा, किती दुखतंय?

'पायाचं विचारतेस ना?'
हो.
'मग दोन लिही.'